विकसित देश पक्क्या मालाच्या व्यापाराला किती खुले आहेत? मोजमापाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, पत्रकार आणि अधूनमधून एखादे निर्यातदार यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्यात लागतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खुलेपणा म्हणजे नक्की काय मोजायचे?

या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात आणि बहुतेक वाद तेथूनच सुरू होतात. पहिली गोष्ट म्हणजे धोरण: सरकारने आयातीवर किती शुल्क लावले आहे, कोटा आहे का, परवाने व मानके किती जाचक आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे परिणाम: प्रत्यक्षात किती माल आला आणि किती गेला. दार किती उघडे आहे आणि दारातून किती माणसे ये-जा करतात, या दोन निरनिराळ्या चौकशा आहेत. घर आडबाजूला असेल तर सताड उघड्या दारातूनही फारसे कोणी येणार नाही. धोरणाचे माप हवे असेल तर प्रश्न ६ ते ८ पाहावेत, परिणामाचे हवे असेल तर ३ ते ५. दोन्हींची सांगड घालण्याचे प्रयत्न ९ ते ११ मध्ये आले आहेत. कोणी "अमुक देश खुला आहे" असे म्हटले की तो यांपैकी कशाविषयी बोलतो आहे, हे आधी विचारून घ्यावे.

२. 'पक्का माल' आणि 'विकसित देश' यांत कोणकोण मोडते?

व्यापाराच्या आकडेवारीत पक्क्या मालाची प्रचलित व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या एसआयटीसी वर्गीकरणावर बेतलेली आहे. त्यातील विभाग ५ ते ८, म्हणजे रसायने, साहित्यानुसार वर्गवारी केलेला माल, यंत्रे व वाहने आणि संकीर्ण उत्पादने, धरले जातात आणि त्यांतून ६८ क्रमांकाचा अलोह धातूंचा गट वगळला जातो. उत्पादनाची आकडेवारी मात्र उद्योगनिहाय वर्गीकरणाने गोळा होते आणि तेथे व्याख्या निराळी असते. साखर आणि शुद्ध केलेले पेट्रोल कारखान्यातून बाहेर पडतात, म्हणून उद्योगनिहाय मोजणीत ती पक्का माल ठरतात. एसआयटीसीत मात्र साखर अन्नपदार्थांत आणि पेट्रोल इंधनात जाते. आयात एका व्याख्येने आणि उत्पादन दुसऱ्या व्याख्येने घेऊन केलेले गुणोत्तर सर्रास आढळते आणि ते सर्रास चुकीचे असते. आणखी एक गंमत म्हणजे हिरे विभाग ६ मध्ये येतात, त्यामुळे अँटवर्प आणि मुंबई यांच्यात होणारी हिऱ्यांची ये-जा बेल्जियमच्या पक्क्या मालाच्या व्यापारात धरली जाते. सोने विभाग ९ मध्ये असल्याने स्वित्झर्लंडमधून होणारी सोन्याची प्रचंड उलाढाल यात येत नाही.

'विकसित' कोण, हे यादीवर अवलंबून आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या यादीत सिंगापूर, तैवान आणि हाँगकाँग आहेत, पण ते ओईसीडीचे (आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचे) सदस्य नाहीत. उलट मेक्सिको आणि तुर्किये ओईसीडीत आहेत, पण नाणेनिधी त्यांना विकसित मानत नाही. तुलना करताना यादी एकच ठेवावी, इतके पुरे.

३. आयात अधिक निर्यात भागिले जीडीपी हे सर्वांत सोपे माप असताना इतर मापे कशाला?

सोपे आहे हे खरे, पण त्यावरून क्रमवारी लावली तर अमेरिका जगातील सर्वांत बंदिस्त विकसित देशांत जाऊन बसते. वस्तू आणि सेवा मिळून तिचे हे गुणोत्तर सुमारे २५ टक्के असते. जर्मनीचे ८० टक्क्यांच्या आसपास, तर लक्झेंबर्ग आणि सिंगापूर यांचे ३०० टक्क्यांच्याही वर. २०२५ पूर्वीच्या अमेरिकेचे औद्योगिक आयात शुल्क जर्मनीला लागू असलेल्या युरोपीय शुल्कापेक्षा सरासरीने कमीच होते. मग फरक कशाचा? मुख्यतः आकाराचा. मिशिगनमधून टेक्सासला गेलेली मोटार हा देशांतर्गत व्यवहार असतो. तेवढ्याच अंतरावर युरोपात दोन-तीन सीमा ओलांडाव्या लागतात आणि तोच व्यवहार निर्यात म्हणून नोंदला जातो. मोठा देश स्वतःच्या गरजा स्वतःच्या हद्दीत अधिक प्रमाणात भागवतो.

दुसरी अडचण भाजकाची आहे. विकसित देशांच्या जीडीपीत सेवांचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के असतो आणि त्यांतील बराचसा भाग, उदाहरणार्थ घरभाडे, केशकर्तन, शाळा, सीमेपलीकडे जातच नाही. सेवाक्षेत्र वाढले की पक्क्या मालाच्या व्यापाराचे जीडीपीशी गुणोत्तर घसरते, मग सीमेवर काहीही बदललेले नसो. शिवाय अंशात एकूण विक्रीमूल्य आणि छेदात फक्त मूल्यवर्धन, म्हणजे विक्रीमूल्यातून विकत घेतलेल्या मालाची किंमत वजा करून उरणारा भाग, असते (प्रश्न १० पाहावा). गुणोत्तर शंभरीपार जाऊ शकते ते यामुळेच.

४. मग पक्क्या मालासाठी कोणते गुणोत्तर वापरावे?

देशातील ग्राहक आणि कारखाने मिळून जितका पक्का माल वापरतात त्यातील परदेशी मालाचा हिस्सा काढावा. देशांतर्गत वापर म्हणजे उत्पादन वजा निर्यात अधिक आयात. समजा एखाद्या देशात ५०० कोटींचे उत्पादन झाले, ३०० कोटींचा माल बाहेर गेला आणि २०० कोटींचा आत आला. वापर ४०० कोटींचा, म्हणून आयातीचा हिस्सा ५० टक्के. येथे उत्पादनाचे एकूण विक्रीमूल्य घ्यायचे असते, मूल्यवर्धन नव्हे, आणि सेवा या हिशेबात येत नाहीत. त्यामुळे जीडीपीच्या गुणोत्तरापेक्षा हे माप कितीतरी काटेकोर आहे. आकाराची अडचण मात्र याने सुटत नाही. लहान देशाचा हिस्सा येथेही मोठाच दिसतो.

५. काही देशांत हा हिस्सा १०० टक्क्यांहून जास्त दाखवतात. हे कसे शक्य आहे?

पुनर्निर्यातीमुळे. वरचेच सूत्र घ्या: उत्पादन १००, निर्यात १५०, आयात १२०. वापर उरतो ७० आणि हिस्सा येतो १७१ टक्के. आलेल्या मालातला बराचसा भाग तेथे वापरलाच गेलेला नसतो. रॉटरडॅम बंदरात उतरलेला आशियाई माल नेदरलँड्समध्ये सीमाशुल्क भरून जर्मनीला जातो, तेव्हा तो डच आयात आणि डच निर्यात अशा दोन्ही बाजूंना मोजला जाऊ शकतो. बेल्जियम आणि हाँगकाँग यांचीही हीच तऱ्हा. पुनर्निर्यातीचे स्वतंत्र आकडे मिळत असतील तर ते दोन्हीकडून वजा करावेत. मिळत नसतील तर अशा देशांना तुलनेतून बाजूला ठेवणेच शहाणपणाचे.

आयर्लंडची कथा वेगळी आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदेची मालकी तेथे हलवल्यामुळे २०१५ मध्ये आयरिश जीडीपी एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. दुसऱ्या देशातील कारखान्यात कंत्राटाने बनलेला आणि आयर्लंडच्या भूमीला कधीही न लागलेला मालही मालकीच्या नियमाने आयरिश निर्यातीत धरला जातो. म्हणूनच तेथील सांख्यिकी कार्यालयाने सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचे एक स्वतंत्र माप तयार केले. आयर्लंडला यादीतील पहिल्या क्रमांकावर बसवणारा लेख दिसला की लेखकाने हे तपासले आहे का, ते पाहावे.

६. शुल्काची साधी सरासरी घ्यावी की भारित?

दोन्ही फसव्या आहेत, फक्त फसवण्याची रीत वेगळी. साध्या सरासरीत दरपत्रकातील प्रत्येक ओळीला सारखे महत्त्व मिळते. वर्षाला चार खोकी येणारी वस्तू आणि मोटारी एकाच मापाने मोजल्या जातात. भारित सरासरीत आयातीच्या मूल्याप्रमाणे वजन दिले जाते आणि मग शुल्क जितके जास्त तितकी आयात कमी, म्हणून वजनही कमी. आयात पूर्ण थांबवणाऱ्या शुल्काचे वजन शून्य होते, म्हणजे सर्वांत कडक अडथळा सरासरीत अदृश्य होतो.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील पिकअप ट्रकचे आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर शुल्क वाढवले म्हणून प्रत्युत्तरादाखल १९६४ पासून अमेरिकेने हलक्या ट्रकांवर २५ टक्के शुल्क लावले. कोंबड्यांचे भांडण केव्हाच मिटले, शुल्क राहिले. साध्या मोटारींवर तेव्हा आणि नंतर कित्येक दशके दर बराच कमी होता, २०२५ पूर्वी २.५ टक्के. परिणामी जपानी आणि युरोपीय पिकअप अमेरिकेत जवळजवळ येतच नाहीत. कंपन्या ते अमेरिकेत किंवा शुल्कमुक्त कराराच्या आडोशाने मेक्सिकोत बनवतात. आयात नाही म्हणून वजन नाही, वजन नाही म्हणून भारित सरासरीवर परिणाम नाही. फोर्ड कंपनी तुर्कियेतून छोट्या व्हॅन मागच्या आसनांसह 'प्रवासी वाहन' म्हणून आणत असे आणि अमेरिकेत उतरल्यावर ती आसने काढून टाकत असे. त्या प्रकरणात २०२४ मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. एखादे शुल्क किती जाचक आहे हे सरासरीपेक्षा अशा खटाटोपावरून अधिक कळते.

या त्रुटीवर अँडरसन आणि नीरी या अर्थतज्ज्ञांनी उपाय सुचवला: देशातील सर्व दरांच्या जागी एकच समान दर लावला आणि त्याने तेवढेच नुकसान होत असेल, तर तो दर म्हणजे निर्बंधांचा निर्देशांक. कल्पना निर्दोष आहे, पण त्यासाठी हजारो वस्तूंच्या मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, हे अंदाजावे लागते. हाताशी फक्त दरपत्रक असेल तर साधी सरासरी, भारित सरासरी आणि १५ टक्क्यांहून जास्त शुल्क असलेल्या वस्तूंचे प्रमाण ही तिन्ही शेजारीशेजारी द्यावीत.

७. युरोपीय संघाचे औद्योगिक शुल्क सरासरी ४ टक्के सांगतात. मग सोलापूरच्या टॉवेलसमोर दरपत्रकात १२ टक्के का दिसतात?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. उरुग्वे फेरी या जागतिक व्यापार वाटाघाटींनंतर विकसित देशांचे औद्योगिक शुल्क सरासरी ६.३ वरून ३.८ टक्क्यांवर आले, पण ही घट सर्वत्र सारखी झाली नाही. संगणक आणि अर्धवाहक (चिप) १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने शुल्कमुक्त झाले. कापड, कपडे आणि पादत्राणे यांवरचे दर मात्र उंचच राहिले. युरोपच्या दरपत्रकात सुती सूत साधारण ४ टक्के, कापड ८ टक्के आणि कपडे व टेरी टॉवेल १२ टक्के अशी चढण दिसते. कच्च्या कापसावर शुल्क नाही. अमेरिकेतही २०२५ पूर्वी कृत्रिम धाग्याच्या स्वेटरवर ३२ टक्के दर होता.

या चढणीचा खरा भार दरापेक्षा जास्त असतो. समजा १०० रुपयांच्या तयार मालात ६० रुपयांचा कच्चा माल आहे, कच्च्या मालावर शुल्क शून्य आणि तयार मालावर १० टक्के. म्हणजे ४० रुपयांच्या प्रक्रियेला १० रुपयांचे, अर्थात २५ टक्क्यांचे संरक्षण मिळाले. याला प्रभावी संरक्षणाचा दर म्हणतात.

शिवाय १२ टक्के हा एमएफएन, म्हणजे सवलतीविना लागणारा दर आहे. अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाचा टॉवेल युरोपात शून्य शुल्काने जातो, तर इतर देशांना सवलत योजना किंवा व्यापार करार यांप्रमाणे निरनिराळे दर लागतात. सोलापूरच्या कारखानदाराला सरासरी खुलेपणाशी काही देणेघेणे नसते. आपल्या ओळीतला दर आणि शेजाऱ्याच्या दरातील फरक, एवढेच त्याच्या कामाचे.

८. शुल्क शून्य असेल तर देश खुला मानायला हरकत काय?

हरकत आहे, कारण माल अडवायला शुल्कच लागते असे नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये फ्रान्सने हुकूम काढला की आयात होणारे सर्व व्हिडिओ रेकॉर्डर फक्त प्वातिए या अंतर्भागातील गावाच्या सीमाशुल्क कार्यालयातूनच सोडवून घ्यायचे. बंदरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या त्या छोट्या कार्यालयात मोजके कर्मचारी होते, प्रत्येक खोके तपासले जाई आणि कागदपत्रे फ्रेंचमध्येच हवी असत. जपानी रेकॉर्डरांचे ढीग साचले. इ.स. ७३२ मध्ये अरब फौजा येथेच रोखल्या गेल्या होत्या, त्यामुळे गावाची निवड योगायोगाने झाली असेल यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. त्या काळातील दरपत्रक पाहून अभ्यास करणाऱ्याला यातील काहीच दिसणार नाही.

त्याच सुमारास, १९८१ मध्ये, जपानने अमेरिकेला वर्षाला १६.८ लाखांहून अधिक मोटारी न पाठवण्याचे 'स्वेच्छेने' मान्य केले. बहुतंतू करारान्वये लादलेले कापडाचे कोटे १९७४ पासून होते आणि त्यांचे अखेरचे अवशेष १ जानेवारी २००५ रोजी संपले. आजचे अडथळे जास्त करून मानके, चाचण्या, प्रमाणपत्रे आणि उत्पत्तीचे नियम (माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणारे) या स्वरूपाचे असतात. ते मोजण्याचा एक मार्ग म्हणजे असे किती नियम किती वस्तूंना लागू आहेत ते मोजणे. परंतु नियमांची संख्या आणि जाच यांचा थेट संबंध नसतो: विद्युत सुरक्षेचा स्पष्ट नियम ग्राहकाचा विश्वास वाढवून आयातीला मदतही करतो. दुसरा मार्ग किमतींच्या तुलनेचा: वाहतूक, कर आणि शुल्क वजा केल्यावरही तीच वस्तू एका देशात महाग राहत असेल तर उरलेली तफावत न दिसणाऱ्या अडथळ्याची समजावी. यात वितरकांचा नफा आणि ब्रँडचे डावपेचही मिसळतात, म्हणून या आकड्याला वरची मर्यादा समजावे.

९. जपानचे उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात का येते?

कारण तेथे धोरणाचे माप आणि परिणामाचे माप एकमेकांच्या नेमके विरुद्ध बोलत होते. १९८० च्या दशकात जपानचे औद्योगिक शुल्क इतर श्रीमंत देशांच्या बरोबरीचे किंवा कमी होते. परदेशी मोटारींवर तर १९७८ पासून शुल्कच नव्हते. तरीही देशाच्या आकारमानाच्या मानाने पक्क्या मालाची आयात अगदी तुटपुंजी होती. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लॉरेन्स यांनी उत्पन्न, अंतर, लोकसंख्या इत्यादी लक्षात घेऊन दाखवले की जपान अपेक्षेपेक्षा कमी आयात करतो. दुसरे अर्थतज्ज्ञ गॅरी सॅक्सनहाउस यांचे म्हणणे वेगळे होते: ज्या देशाकडे तेल नाही, लोहखनिज नाही, त्याला आयातीचा पैसा इंधन आणि कच्च्या मालावर खर्च करावा लागणार आणि त्यासाठी तो पक्का माल निर्यातच करणार, यात गूढ काही नाही.

दोघांच्याही मापात अडचण होती, कारण 'अपेक्षित' आयात किती हे प्रतिमान (गणिती मॉडेल) ठरवते आणि अपेक्षा व प्रत्यक्ष यांतील फरकाला 'बंदिस्तपणा' म्हणायचे की 'आपल्याला न समजलेले काहीतरी', हे आकडे सांगत नाहीत. दुसरीकडे, परदेशी स्की जपानी बर्फाला चालणार नाहीत असा युक्तिवाद मानकांच्या समर्थनार्थ झाला होता, हेही विसरून चालत नाही.

आयातीतील पक्क्या मालाच्या वाट्यावरून निष्कर्ष काढणाऱ्यांसाठी येथे एक धडा आहे. १९८० मध्ये जपानच्या एकूण आयातीत हा वाटा पाव हिश्श्याहून कमी होता, १९९० पर्यंत तो निम्म्यावर गेला. दशकात बाजारपेठ दुप्पट खुली झाली का? काही प्रमाणात झाली असेल, पण १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने वधारला आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. तेल स्वस्त झाले की इतर सर्व गोष्टींचा वाटा आपोआप वाढतो.

या वादाला कंटाळून अमेरिकेने थेट परिणामच करारात लिहून घेतला: अर्धवाहकांच्या १९९१ च्या करारात परदेशी कंपन्यांचा जपानी बाजारातील हिस्सा २० टक्क्यांवर जाण्याची अपेक्षा नोंदवली गेली आणि १९९२ च्या अखेरीस तो आकडा गाठला गेला. माझ्या मते खुलेपणाच्या मोजमापाचा हा सर्वांत वाईट वापर होता, कारण हिस्सा ठरवून दिलेली बाजारपेठ आणि खुली बाजारपेठ यांत काहीच साम्य नाही.

१०. मूल्यवर्धनाने मोजले तर चित्र किती बदलते?

पुष्कळ. शिंग आणि डेटर्ट यांनी २०१० मध्ये केलेल्या अभ्यासानुसार २००९ मधील एका आयफोनचा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर होता आणि त्यात चीनमधील जुळणीचा वाटा फक्त ६.५० डॉलर होता; बाकीचे भाग जपान, जर्मनी, कोरिया, खुद्द अमेरिका अशा देशांतून आले होते. सीमाशुल्काच्या नोंदीत मात्र चीनकडून १७९ डॉलरची आयात लागते. कॅनडा आणि अमेरिका यांच्यातील मोटारींचे सुटे भाग तयार गाडीत बसेपर्यंत अनेकदा सीमा ओलांडतात आणि दरवेळी पूर्ण किमतीने मोजले जातात. ओईसीडी आणि जागतिक व्यापार संघटना यांनी २०१३ पासून मूल्यवर्धनातील व्यापाराची आकडेवारी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली; तिच्यात लहान, साखळीत गुंतलेल्या देशांचे खुलेपण कमी होते आणि पक्क्या मालात दडलेल्या सेवांचा मोठा वाटा दिसू लागतो. ही आकडेवारी आदान-प्रदान सारण्यांवरून (कोणता उद्योग कोणाचा किती माल वापरतो हे दाखवणाऱ्या तक्त्यांवरून) अंदाजलेली असते आणि काही वर्षे उशिरा येते, म्हणून चालू वर्षाच्या बातमीसाठी तिचा उपयोग नाही.

११. आकार आणि अंतर यांचा परिणाम बाजूला काढता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. यान टिनबर्खेन यांनी १९६२ मध्ये वापरलेल्या गुरुत्व प्रतिमानात दोन देशांतील व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. यावरून अपेक्षित व्यापार काढून प्रत्यक्षाशी ताडून पाहतात. जॉन मॅकॅलम यांनी १९९५ मध्ये दाखवले की कॅनडाचे प्रांत आपापसांत जितका व्यापार करतात तो तेवढ्याच आकाराच्या आणि अंतरावरच्या अमेरिकन राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या सुमारे २२ पट होता, आणि तोही जगातील सर्वांत मोकळ्या समजल्या जाणाऱ्या सीमेवर. अँडरसन आणि व्हॅन विंकूप यांनी २००३ मध्ये इतर सर्व भागीदारांशी असलेले अडथळेही हिशेबात घेतले, तेव्हा सीमेचा परिणाम बराच आकसला: औद्योगिक देशांतील व्यापार सीमेमुळे २० ते ५० टक्क्यांनी घटतो, असा त्यांचा अंदाज. तीच सीमा, प्रतिमान बदलले की निष्कर्ष बदलतो. प्रश्न ९ मधील शंका येथेही लागू आहे.

१२. युरोपीय संघ एक धरावा की सत्तावीस?

धोरण मोजायचे असेल तर एकच, कारण बाह्य शुल्क समान आहे. परिणाम मोजताना दोन्ही प्रकारे मोजावे. जर्मनीची निम्म्याहून अधिक निर्यात संघातच जाते; असा अंतर्गत व्यापार वगळला तर संघाचे गुणोत्तर अमेरिकेच्या बरेच जवळ येते. अमेरिकेची तुलना जर्मनीशी करणे आणि संघाशी करणे यांतून उलट अर्थाचे मथळे निघतात.

१३. २०२२ मध्ये जपान एकदम खुला झाला का?

नाही. येन घसरला आणि इंधन महागले, त्यामुळे आयातीचे येनमधील मूल्य फुगले आणि जीडीपी तितका वाढला नाही. काही वर्षांचा कल पाहायचा असेल तर स्थिर किमतींची मालिका घ्यावी.

१४. २०२५ मधील अमेरिकेच्या शुल्कवाढीनंतर सरासरी कशी काढायची?

जाहीर झालेला दर आणि वसूल झालेला दर वेगवेगळे ठेवावेत. वसूल शुल्क भागिले एकूण आयात हे गुणोत्तर २०२४ मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास होते. २०२५ मध्ये दर इतक्या वेळा जाहीर झाले, पुढे ढकलले गेले आणि बदलले की वर्षाची एकच सरासरी कोणत्याही महिन्याचे खरे चित्र दाखवत नाही. मासिक आकडे घ्यावेत. शुल्क लागण्याआधी आयातदारांनी गोदामे भरून घेतली, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत आयात वाढलेली दिसते आणि परिणामाच्या मापाने देश क्षणभर अधिक खुला भासतो. ऐतिहासिक तुलनेतही भाजक तपासावा: १९३२ चा नेहमी दिला जाणारा ५९ टक्क्यांचा आकडा फक्त शुल्कपात्र आयातीवरचा आहे; एकूण आयातीवर तो २० टक्क्यांच्या आसपास होता, कारण कॉफी, रेशीम, रबर असा बराच माल तेव्हा शुल्कमुक्त येत असे.